कर्करोगाचा रुग्ण आणि त्याचे कुटुंब : वेदनाशमनाच्या संशोधनाचा एक मागोवा

कर्करोगाच्या इतिहासाचे जे ग्रंथ आजवर झाले, त्यांत शस्त्रक्रिया, क्ष-किरण, रेडियम आणि रासायनिक औषधे यांची हकीकत विस्ताराने येते. जो रुग्ण या उपचारांच्या पलीकडे गेला त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा शेवटच्या एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. आणि त्याच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्या पत्नीचे, मुलीचे किंवा सुनेचे काय झाले, हा प्रश्न तर बहुधा उपस्थितच होत नाही. वस्तुतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन्ही प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास झाला, आणि त्याचे आरंभीचे सर्वांत महत्त्वाचे केंद्र लंडन हे होते. त्या अभ्यासात रुग्णाचे कुटुंब प्रथम शुश्रूषेचे मनुष्यबळ म्हणून दिसते, त्यानंतर साक्षीदार म्हणून, आणि बऱ्याच उशिरा स्वतः पीडित म्हणून. हा क्रम कसा घडला आणि त्यास एवढा विलंब का लागला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

१९४८ च्या जुलै महिन्यात ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. प्रत्येक नागरिकास विनामूल्य उपचार मिळावा, ही तिच्यामागील कल्पना. परंतु ज्याच्या रोगावर उपचारच उरलेला नाही, अशा रुग्णासाठी तीत निराळी तरतूद नव्हती. असे रुग्ण घरी पाठविले जात, किंवा धर्मसंस्थांनी चालविलेल्या थोड्याशा आश्रमांत जात. घरी गेलेल्यांची स्थिती काय, याचा पहिला मोठा शोध १९५२ साली प्रसिद्ध झाला. मेरी क्यूरी यांच्या नावाने स्थापन झालेली धर्मादाय संस्था आणि घरोघर जाणाऱ्या परिचारिकांची क्वीन्स इन्स्टिट्यूट, या दोहोंनी मिळून ही पाहणी केली होती. देशभरच्या परिचारिकांनी सुमारे सात हजार रुग्णांची माहिती प्रश्नपत्रिकांवर भरून दिली. तीतून जे चित्र पुढे आले ते कल्याणकारी राज्याच्या अभिमानास धक्का देणारे होते. पुरेशा चादरी नाहीत, खोलीत ऊब नाही, पथ्याचे अन्न परवडत नाही. शुश्रूषा करणारी पत्नी स्वतःच वृद्ध आणि आजारी. आणि मुख्य म्हणजे रात्री कोणी मदतीस नाही. रात्रीच्या परिचारिका व रुग्णनिवास यांची पुढे जी व्यवस्था झाली, तिचा पाया या पाहणीने घातला.

या पाहणीत कुटुंब आहे. पण ते कोणत्या रूपाने आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. रुग्णास उचलणारे, धुणे धुणारे, औषध पाजणारे हात घरात किती, याची ती मोजदाद होती. हात पुरेसे असले की घर ठीक चालले आहे असा निष्कर्ष निघे. ते हात ज्या व्यक्तीचे, तिच्या मनाची व शरीराची अवस्था परिचारिकेच्या शेऱ्यांत अधूनमधून डोकावते. परंतु तिच्यासाठी स्वतंत्र प्रश्न नव्हता. रुग्णाचे म्हणणेही त्याच्या स्वतःच्या तोंडून आलेले नव्हते. जे काही नोंदले गेले ते तिसऱ्या व्यक्तीच्या लेखणीतून.

रुग्णाचे शब्द नोंदवहीत आणण्याचे श्रेय प्रामुख्याने सिसिली साँडर्स यांच्याकडे जाते. १९१८ साली जन्मलेल्या या बाईंचा व्यावसायिक प्रवास विलक्षण वळणांचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, तेव्हा त्या रुग्णालयीन समाजसेविका झाल्या. या पदास त्या काळी तेथे ‘आल्मोनर’ म्हणत. रुग्णाच्या घरची मिळकत किती, मुले कोण सांभाळतो, घरी गेल्यावर त्याची व्यवस्था काय, हे पाहणे हे आल्मोनरचे काम. पुढे त्या डॉक्टर झाल्या, ही गोष्ट बहुतेक चरित्रकार ठळकपणे सांगतात. मधल्या पायरीकडे मात्र त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. वेदनेच्या चौकशीत घरभाड्याचा आणि बुडालेल्या रोजाचा प्रश्न विचारण्याची सवय साँडर्सबाईंना वैद्यकीय महाविद्यालयाने लावली, असे मानण्यास काही आधार नाही.

आल्मोनर असतानाच त्यांची डेव्हिड तास्मा या रुग्णाशी भेट झाली. वॉर्साहून आलेला हा पोलिश ज्यू निर्वासित लंडनमध्ये वाढप्याचे काम करीत असे. शस्त्रक्रियेने बरा न होणारा कर्करोग त्यास झाला होता, आणि त्या शहरात त्याचे जवळचे आप्त कोणी नव्हते. मरणोन्मुख माणसांसाठी निराळे घर असावे, या कल्पनेची चर्चा या दोघांच्या संभाषणांत झाली. १९४८ च्या फेब्रुवारीत तो मृत्यू पावला, आणि आपल्या संचितातून ५०० पौंड त्याने त्या नियोजित घराच्या एका खिडकीसाठी ठेवले. पुढे सेंट ख्रिस्तोफर्सच्या प्रवेशदालनात ती खिडकी खरोखरच झाली. ही कथा पुष्कळदा सांगितली जाते आणि ती हृद्यही आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने तिच्यातील एक गोष्ट दुर्लक्षित राहिली आहे. या चळवळीचा आदिपुरुष हा कुटुंब नसलेला माणूस होता. त्याची व्यथा ही एकट्या जिवाची व्यथा होती. साहजिकच आरंभीचे सगळे चिंतन रुग्ण आणि त्याचे ऐकून घेणारी व्यक्ती या दोघांभोवतीच फिरत राहिले.

तास्माच्या मृत्यूनंतर साँडर्सबाई सेंट ल्यूक्स या मरणोन्मुखांच्या रुग्णालयात संध्याकाळी स्वेच्छेने परिचारिकेचे काम करू लागल्या. तेथे त्यांना एक साधी पण अन्यत्र न दिसलेली रीत आढळली. कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन तोंडावाटे आणि ठरलेल्या वेळी, दर चार तासांनी देत. वेदना उसळण्याची वाट पाहत नसत. इतर रुग्णालयांत याच्या उलट प्रकार होता. अफूच्या औषधाची चटक लागेल, आणि हळूहळू मात्रा वाढवावी लागून शेवटी औषध निकामी होईल, ही भीती डॉक्टरांच्या मनात खोल रुजलेली होती. म्हणून रुग्णाने मागितल्यावर, आणि तेही शक्य तितके लांबवून, टोचणी दिली जाई. या रीतीचा परिणाम काय होतो, हे समजण्यास औषधशास्त्राचे फारसे ज्ञान लागत नाही. पोटात घेतलेल्या मॉर्फिनचा अंमल सुमारे चार तास टिकतो. तो उतरल्यावर वेदना परत येते. रुग्ण घंटा वाजवितो. परिचारिका कपाटाची किल्ली आणावयास जाते. दरम्यान वेदनेत भीतीची भर पडते, आणि वाढलेली वेदना शमविण्यास मोठी मात्रा लागते. रुग्णाचे सारे लक्ष पुढच्या टोचणीवर खिळते. ज्यास व्यसन म्हणून नावे ठेवली जात, त्याचा बराचसा भाग औषध रोखून धरण्याच्या या पद्धतीनेच निर्माण केलेला असे.

परंतु हे म्हणावयाचे कोणी? परिचारिकेच्या निरीक्षणास वैद्यकीय जगात वजन नव्हते. नॉर्मन बॅरेट या शल्यवैद्यांनी त्यांना वैद्यकाचे शिक्षण घेण्याचा सल्ला दिला तो यामुळेच. १९५७ साली, वयाची चाळिशी जवळ आली असता, साँडर्सबाई डॉक्टर झाल्या. दुसऱ्या वर्षी पॅडिंग्टन येथील सेंट मेरीज रुग्णालयाच्या औषधशास्त्र विभागात प्रा. हॅरल्ड स्टुअर्ट यांच्या हाताखाली त्यांनी संशोधनास आरंभ केला. प्रत्यक्ष काम मात्र पूर्व लंडनमधील हॅकनी भागातील सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये चाले. आयर्लंडच्या धर्मभगिनींनी १९०५ साली उघडलेले हे निवासस्थान गरीब वस्तीत होते. तेथे प्रेमळ शुश्रूषेची उणीव नव्हती. उणीव होती ती पद्धतशीर नोंदींची. साँडर्सबाईंनी वेळेवर मॉर्फिन देण्याची सेंट ल्यूक्सची रीत येथे आणली आणि प्रत्येक रुग्णाची नोंद छिद्रपत्रांवर ठेवण्यास प्रारंभ केला. १९६५ पर्यंतच्या सात वर्षांत अशा सुमारे ११०० रुग्णांच्या नोंदी जमा झाल्या. याखेरीज त्या रुग्णांशी झालेली संभाषणे ध्वनिफितीवर घेत. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे जतन करण्याचा हा उद्योग तत्कालीन औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत काहीसा विचित्रच वाटला असला पाहिजे.

या अभ्यासाचे मूल्यमापन करताना एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हा प्रयोग नव्हता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. औषध देणारी आणि परिणाम नोंदणारी व्यक्ती एकच होती. तरीदेखील शेकडो रुग्णांच्या नोंदींतून जे दिसले ते टाळता येण्यासारखे नव्हते. नियमित मात्रा मिळणारे रुग्ण जागे, सावध व बोलके राहत. अनेकांची मात्रा दीर्घकाळ फारशी वाढत नसे. आणि औषधासाठी याचना करण्याची वेळ त्यांच्यावर येत नसे.

याच संभाषणांतून १९६४ च्या सुमारास ‘समग्र वेदना’ ही कल्पना आकारास आली. तिचे मूळ एका रुग्णस्त्रीच्या उत्तरात आहे. दुखणे कोठे आहे, एवढेच तिला विचारले होते. तिने सांगितले ते असे : दुखणे पाठीत सुरू झाले, पण आता सगळेच बिघडल्यासारखे वाटते. पुढे तिने शरीरातील निरनिराळ्या त्रासांचा उल्लेख केला; नवरा व मुलगा फार चांगले आहेत, पण ते कामावर जातात, घरी राहिले तर त्यांचा पगार बुडेल, असे सांगितले; गोळ्या व टोचण्या मागू नयेत हे कळत असूनही त्यांच्यासाठी जीव तळमळत होता, असे सांगितले; आणि सारे जग आपल्या विरुद्ध आहे, कोणास काही समजत नाही, असे वाटत होते, हेही सांगितले. साँडर्सबाईंनी या उत्तराचे चार पदर दाखविले : शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक. पुढील काळात या चार शब्दांची इतकी आवर्तने झाली, की मूळ उत्तर बहुतेक मागे पडले. ते पुन्हा वाचले असता असे दिसते की, रुग्णाच्या वेदनेच्या वर्णनातच कुटुंबाचा प्रवेश झालेला आहे. नवऱ्याचा बुडणारा पगार हा त्या बाईच्या दुखण्याचाच एक भाग होता. अर्थात त्या नवऱ्यास कोणी काही विचारले नव्हते. तो तिच्या वाक्यात आहे. स्वतःच्या वाक्यात नाही.

याच सुमारास जॉन हिंटन या मानसरोगतज्ज्ञाने लंडनच्या एका रुग्णालयात निराळ्या शिस्तीचा अभ्यास केला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १०२ मरणोन्मुख रुग्ण होते, आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या तुलनेस त्याच वयाचा व त्याच तऱ्हेच्या, पण प्राणघातक नसलेल्या आजाराचा दुसरा रुग्ण घेतला होता. हिंटन दर आठवड्यास रुग्णाशी बोलत. ते बोलणे शेवटपर्यंत चाले. मरणोन्मुखांना शारीरिक त्रास अधिक होतो, आणि तो पुष्कळदा न शमलेलाच राहतो, विषण्णता व चिंताही त्यांच्यात अधिक असतात, हे या तुलनेने सिद्ध झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्यांपैकी बहुसंख्य रुग्णांना आपला अंत जवळ आल्याची जाणीव होती. त्या काळी ब्रिटनमध्ये सामान्य रिवाज असा होता की, रोगाचे नाव नातेवाइकास सांगावयाचे आणि रुग्णापासून लपवावयाचे. महाराष्ट्रातील वाचकास हा रिवाज परका वाटणार नाही. हिंटन यांच्या निष्कर्षाने या रिवाजाचा आधारच काढून घेतला. कारण ज्याच्यापासून गुपित राखावयाचे त्यास ते ठाऊक होते. मग हे गुपित कोणास जड होत होते? उघडच, ते सांभाळणाऱ्या पत्नीस वा पतीस. दोघांनाही सर्व माहीत, आणि दोघेही परस्परांशी हवापाण्याविषयी बोलत आहेत, हा प्रसंग त्या वेळच्या असंख्य घरांत घडत असला पाहिजे. ग्लेझर व स्ट्राउस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९६५ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांच्या अभ्यासात या परस्पर बतावणीचे बारकाईने वर्णन केले आहे.

१९६७ च्या जुलैमध्ये दक्षिण लंडनच्या सिडनम भागात सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. शुश्रूषा, अध्यापन आणि संशोधन ही तीन कामे एका छपराखाली करणारी ही पहिली आधुनिक संस्था. साँडर्सबाईंची ख्रिस्ती श्रद्धा तिच्या उभारणीत खोलवर गुंतलेली होती; पण संशोधनाचे निकष त्यांनी श्रद्धेच्या हाती सोपविले नाहीत, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. येथे नातेवाइकांना दिवसभर केव्हाही येण्याची मुभा होती. मुले येत, घरचे कुत्रेही येई. केवळ सोमवारी भेटी बंद असत. वरवर पाहता हा नियम इतर मोकळिकीशी विसंगत वाटतो. त्यामागील हेतू मात्र नातेवाइकांच्या हिताचा होता. रोज येणाऱ्या पत्नीस एक दिवस न येण्याची इच्छा असली, तरी ती स्वतःहून न येण्याचे धैर्य करीत नाही. न आल्यास तिला अपराधी वाटते. संस्थेनेच दार बंद केले की तिला झोप घेता येते, घरचे तुंबलेले काम करता येते, आणि दोष कोणाकडेच जात नाही. शुश्रूषा करणारासही विश्रांतीची गरज आहे, हे मान्य करणारा इतका साधा नियम त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. १९६९ पासून संस्थेच्या परिचारिका व डॉक्टर घरोघर जाऊ लागले, तेव्हा तर घर हेच संशोधनाचे क्षेत्र बनले.

औषधांविषयीचा उरलेला वाद रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी मिटविला. ते १९७१ साली या संस्थेत संशोधक म्हणून आले. ब्रिटिश डॉक्टरांची अशी समजूत होती की, मॉर्फिनपेक्षा हेरॉइन श्रेष्ठ. ते मन प्रसन्न ठेवते व मळमळ कमी करते. संस्थेतही तेच वापरात होते. ट्वायक्रॉस यांनी सुमारे ७०० रुग्णांना या दोहोंपैकी एक औषध चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून दिले. काहींना मध्यंतरी एकातून दुसऱ्यात बदलले. आणि कोणते औषध चालू आहे हे रुग्णास वा परिचारकास कळू दिले नाही. १९७७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, मात्रा योग्य प्रमाणात ठरविली तर तोंडावाटे दिलेले मॉर्फिन हेरॉइनची जागा समाधानकारकपणे घेऊ शकते. स्वतःच्या संस्थेची आवडती समजूत आपल्याच प्रयोगाने खोडून काढणे ही गोष्ट संशोधनाच्या इतिहासात दिसते त्याहून दुर्मिळ आहे. या निष्कर्षाचे व्यावहारिक फळ मोठे होते. बहुतेक देशांत हेरॉइनला वैद्यकातही बंदी होती, मॉर्फिनला नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेविषयी जी पुस्तिका काढली, तिच्यातील मुख्य सूत्रे, म्हणजे औषध तोंडावाटे द्यावे, घड्याळानुसार द्यावे आणि वेदनेच्या तीव्रतेप्रमाणे पायरीपायरीने वाढवावे ही, सेंट ल्यूक्सच्या संध्याकाळच्या पाळीपासून सुरू झालेल्या या अनुभवाशी थेट जोडलेली आहेत.

आता कुटुंबाकडे वळावयाचे तर कॉलिन मरे पार्क्स यांचे कार्य पाहिले पाहिजे. हे मानसरोगतज्ज्ञ सेंट ख्रिस्तोफर्सशी प्रारंभापासून निगडित होते. शोकाचा शरीरावर परिणाम होतो काय, हा त्यांचा मूळ विषय. १९६३ साली मायकेल यंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड व वेल्समधील ५५ व त्याहून अधिक वयाच्या ४४८६ विधुरांची आकडेवारी प्रसिद्ध केली होती. पत्नीच्या मृत्यूनंतर पहिल्या सहा महिन्यांत या विधुरांचे मृत्युप्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले. याच विधुरांचा मागोवा नऊ वर्षांपर्यंत घेऊन पार्क्स व सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखविले की, या वाढीव मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा सर्वांत मोठा आहे. या बायका केवळ कर्करोगाने मेलेल्या नव्हत्या, त्यामुळे या आकड्यांवरून कर्करोगाविषयी थेट अनुमान काढता येत नाही. परंतु मागे राहिलेल्या माणसाचा प्रश्न सांत्वनाच्या कक्षेतून आरोग्याच्या कक्षेत आला, तो या दोन लेखांमुळे.

पार्क्स यांनी सिडनमच्या परिसरात केलेला अभ्यास मात्र कर्करोगाशीच संबंधित होता. सेंट ख्रिस्तोफर्समध्ये मृत्यू पावलेल्या रुग्णांचे पती अथवा पत्नी आणि आसपासच्या सामान्य रुग्णालयांत मृत्यू पावलेल्यांचे पती अथवा पत्नी, अशा जुळत्या जोड्या त्यांनी घेतल्या, व मृत्यूनंतर काही महिने लोटल्यावर त्यांच्या मुलाखती घेतल्या. पहिली फेरी १९६७ ते १९६९ मधील मृत्यूंची, दुसरी १९७७ ते १९७९ मधील मृत्यूंची. दुसऱ्या फेरीचे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या फेरीत हॉस्पिसच्या रुग्णांना वेदना कमी झाल्याचे जोडीदारांनी सांगितले. दहा वर्षांनंतर हा फरक जवळजवळ नाहीसा झाला होता. कारण सामान्य रुग्णालयांनीही वेदनाशमनाची नवी रीत उचलली होती. फरक उरला तो जोडीदाराच्या स्वतःच्या अनुभवात. हॉस्पिसमध्ये आलेल्या पतीपत्नींची चिंता कमी होती, आणि तेथील वातावरण घरच्यासारखे होते असे त्यांना वाटले.

या अभ्यासावर आक्षेप घेता येतो. मृत्यूनंतर काही काळाने सांगितलेली हकीकत शोकाने रंगलेली असते. रुग्णाची वेदना जोडीदारास जेवढी दिसली तेवढीच ती होती, असे धरता येत नाही. पुढील अभ्यासांत नातेवाईक रुग्णाची वेदना पुष्कळदा अधिक तीव्र समजतात, असेही आढळले. परंतु या आक्षेपातच एक महत्त्वाचा धागा आहे. दुसऱ्याची वेदना अधिक तीव्र दिसते, ती पाहणाऱ्याच्या स्वतःच्या यातनेमुळे. साक्षीदाराची साक्ष सदोष का, याचा शोध घेता घेता संशोधक साक्षीदाराच्या दुःखापाशी येऊन पोचले. दोन फेऱ्यांची तुलना तर हेच अधिक ठळकपणे सांगते. औषधाची विद्या दहा वर्षांत सर्वत्र पसरू शकली. शेजारी बसलेल्या माणसाची विचारपूस करण्याची विद्या तितक्या वेगाने पसरली नाही.

याच काळात पार्क्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्समध्ये एक खराखुरा प्रयोगही केला. शोकातून सावरणे ज्यांना कठीण जाईल असे काही खुणांवरून वाटत होते, त्या आप्तांपैकी काहींना प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या भेटी मिळाल्या, काहींना मिळाल्या नाहीत; आणि ही वाटणी दैवावर सोपविलेली होती. सुमारे वीस महिन्यांनंतर भेटी मिळालेल्यांचे आरोग्य अधिक चांगले आढळले. हा प्रयोग लहान होता. तरी रुग्णाच्या नातेवाइकास ‘उपचार’ देऊन त्याचे फळ मोजण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

या ठिकाणी न्यूयॉर्कमधील समांतर प्रवाहाचा धावता उल्लेख केला पाहिजे. तेथील मेमोरियल रुग्णालयात आर्थर सदरलंड यांनी १९५० नंतरच्या दशकात मोठ्या शस्त्रक्रियांच्या मानसिक परिणामांचा अभ्यास केला. त्याच रुग्णालयात १९७७ पासून जिमी हॉलंड या विदुषीने कर्करोगविषयक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभारला. रुग्णाच्या मनोव्यथेस ‘विकार’ न म्हणता ‘क्लेश’ म्हणावे, म्हणजे तो सांगण्यास रुग्णास संकोच वाटणार नाही, हा विचार त्यांच्या प्रभावाखाली रूढ झाला. आणि तापमापीच्या आकृतीवर शून्य ते दहा असा तो क्लेश रुग्णाने स्वतः खूण करून दाखवावा, ही युक्ती १९९८ पासून प्रचारात आली. शुश्रूषा करणाऱ्यांचा ‘भार’ मोजण्याचे साधन मात्र कर्करोगाच्या क्षेत्रात जन्मले नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या आप्तांसाठी स्टीव्हन झारिट व सहकाऱ्यांनी १९८० साली जी प्रश्नावली केली, तीच पुढे कर्करोगाकडे उसनी आणली गेली. या मापांमुळे मोठ्या प्रमाणावर प्रयोग करणे शक्य झाले. २०१० साली नॉर्टहाउस व सहकाऱ्यांनी कर्करुग्णांच्या आप्तांवरील अशा २९ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. शिक्षण, कौशल्ये व समुपदेशन यांनी त्यांचा भार हलका होतो, पण परिणाम लहान ते मध्यम आकाराचा असतो, असे त्यात दिसले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात आप्तांस दूरध्वनीवरून मिळणारे मार्गदर्शन रोगनिदानानंतर लगेच सुरू केले असता, तीन महिने उशिरा सुरू केलेल्यांच्या मानाने त्यांची विषण्णता कमी आढळली. मदत शेवटच्या आठवड्यांसाठी राखून ठेवू नये, एवढे त्यावरून निश्चित होते.

भारतात हा इतिहास निराळ्याच वळणाने गेला. मुंबईच्या परळ भागात टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीच उघडले होते. परंतु उपचारापलीकडे गेलेल्यांसाठी देशातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना, मुंबईत वांद्र्यास १९८६ साली सुरू झाले. त्याचे संस्थापक डॉ. एल. जे. डिसूझा हे कर्करोगाचे शल्यवैद्य. पुढे या संस्थेची शाखा गोव्यातही निघाली. याच सुमारास, १९८५ साली, अमली पदार्थांविषयीचा कडक कायदा देशात लागू झाला. परवान्यांची गुंतागुंत आणि शिक्षेची भीती यांमुळे औषधविक्रेत्यांनी व रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. औषधी अफूचे पीक जगात मोठ्या प्रमाणावर घेणाऱ्या या देशात वैद्यकीय मॉर्फिनचा वार्षिक खप १९९७ साली अवघ्या १८ किलोग्रॅमवर आला. ज्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेची पुस्तिका निघाली, त्याच्या आदल्याच वर्षी हा कायदा यावा, हा योगायोग भारतीय रुग्णांस फार महाग पडला.

या परिस्थितीत केरळातील कालिकत येथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची संस्था स्थापन केली. तेथून मॉर्फिनच्या गोळ्या रुग्णाच्या घरी दिल्या जात. शंका उघड होती : घरात ठेवलेले हे औषध चोरीस जाईल, विकले जाईल, घरातील कोणी तरी त्याच्या नादी लागेल. दोन वर्षांत ज्या १७२३ रुग्णांना अशा गोळ्या घरी मिळाल्या, त्यांच्या अनुभवाचा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. गैरवापराचा किंवा औषध अन्यत्र वळविल्याचा एकही प्रकार त्यात आढळला नाही. या अहवालाचा उल्लेख कायद्याच्या संदर्भात नेहमी होतो, आणि २०१४ साली कायद्यात जी सुधारणा झाली तिच्या पूर्वपीठिकेत त्याचे स्थान मोठे आहे. परंतु त्याचे दुसरेही वाचन संभवते. गोळ्यांची पुडी सांभाळणारी, चार तासांचा हिशेब ठेवणारी, मध्यरात्री उठून मात्रा देणारी व्यक्ती ही घरचीच होती. १९५२ च्या ब्रिटनमधील पाहणीत जे केवळ ‘हात’ होते, त्यांच्या विश्वासार्हतेचा हा पुरावा होय. मात्र त्या व्यक्तींच्या झोपेचा, रोजगाराचा वा आरोग्याचा हिशेब या अहवालाच्या कक्षेत येत नव्हता.

मुंबईत तर प्रश्नाचे स्वरूप आणखीच वेगळे आहे. परळला येणारे कुटुंब बहुधा घर मागे ठेवून येते. विदर्भ, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल येथून आलेल्या रुग्णांबरोबर एक-दोन माणसे असतात. शेती कोणाकडे तरी सोपविलेली, मुले आजोळी ठेवलेली. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन अशा संस्थांनी त्यांच्या निवाऱ्याचा भार उचलला आहे. ज्यांना तेथे जागा मिळत नाही, त्यांपैकी काहींना पदपथाचाच आश्रय घ्यावा लागतो. सिडनमच्या सोमवारच्या नियमाने जे साधले, ते पदपथावर पथारी पसरलेल्या माणसाच्या बाबतीत साधावयाचे कसे, याचे उत्तर लंडनच्या ग्रंथांत सापडणार नाही. संशोधनाची पद्धतीही बदलावी लागेल. पार्क्स यांना विधुर आणि विधवा आपल्या संस्थेच्या आसपासच्या वस्तीत भेटल्या. परळहून परतलेल्या कुटुंबाची वर्षभराने भेट घ्यावयाची, तर संशोधकास बुलढाण्याची किंवा गोरखपूरची गाडी पकडावी लागेल. आणि तेथे पोचल्यावर प्रथम हे शोधावे लागेल की, उपचारासाठी गहाण टाकलेल्या घरात ते कुटुंब अद्याप राहत आहे किंवा नाही.